‘इंडेक्स’ ते ‘स्ट्रचर’: स्ट्रिंगमध्ये अक्षर शोधण्यामागचा इतिहास

सी ही प्रोग्रॅमिंग भाषा शिकणाऱ्याला ‘स्ट्रचर’ (strchr) हे स्ट्रिंगमध्ये, म्हणजे अक्षरांच्या ओळीत, एखादं अक्षर शोधणारं फंक्शन पहिल्यांदा खटकतंच. अक्षर शोधायचं, मग दुसरा आर्ग्युमेंट ‘कॅर’ (अक्षराचा प्रकार) न घेता ‘इंट’ (पूर्णांकाचा प्रकार) का? आणि शोधून हाती येतो तो क्रमांक नाही, पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता. या दोन्हींची मुळं 1970च्या दशकात, बेल लॅब्स या अमेरिकी संशोधन प्रयोगशाळेत आहेत.

सीच्या आधीच्या बीसीपीएल भाषेत स्ट्रिंगची लांबी सुरुवातीलाच साठवलेली असे. डेनिस रिची यांनी तिथे घडवलेल्या सीमध्ये ती नाही. स्ट्रिंग संपते ती शून्य मूल्याच्या बाइटवर. त्यामुळे शोधणं म्हणजे एकेक बाइट पुढे सरकत जाणं. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या 1979च्या सातव्या आवृत्तीत हेच काम करणारं फंक्शन होतं, ‘इंडेक्स’ नावाचं. त्याचा लूप आधी तुलना करतो, शेवट आला का ते नंतर बघतो. म्हणून शून्य बाइट शोधायला सांगितला तर तोही सापडतो. आजच्या ‘स्ट्रचर’मध्येही तसंच आहे.

पुढे युनिक्सच्या घराण्यात फूट पडली. बर्कलीच्या युनिक्सने ‘इंडेक्स’ ठेवलं, एटी अँड टीच्या सिस्टिम फाइव्हने ‘स्ट्रचर’. इकडचा प्रोग्रॅम तिकडे नेताना नावं बदलत बसावी लागत. सी भाषेच्या 1989च्या अ‍ॅन्सी मानकाने ‘स्ट्रचर’ला पसंती दिली आणि 2008च्या पॉझिक्समधून (युनिक्ससारख्या सिस्टिमच्या मानकातून) ‘इंडेक्स’ वगळलं गेलं. मला ‘इंडेक्स’ हे नाव जास्त बोलकं वाटतं, पण ते क्रमांकाचा भास करून देतं, हेही खरं.

‘इंट’चं कारण साधं आहे. प्रोटोटाइप, म्हणजे आर्ग्युमेंटचे प्रकार आधीच जाहीर करण्याची सोय, येण्यापूर्वी फंक्शनला दिलेला ‘कॅर’ आपोआप ‘इंट’ होऊनच पोचत असे. मानकाने ती जुनी रीत मोडली नाही. ‘कॉन्स्ट’ (न बदलायची) स्ट्रिंग घेऊन साधा, बदल करू देणारा पॉइंटर परत देण्याची पळवाटही तशीच राहिली. ती बुजवायला सी23 हे नवं मानक उजाडावं लागलं.

आपल्यासाठी खरी मेख पुढेच आहे. यूटीएफ-8 या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. ‘पुणे,411001’ या स्ट्रिंगमध्ये स्वल्पविराम शोधा: प, उकार, ण, मात्रा मिळून 12 बाइट, त्यामुळे पॉइंटर सुरुवातीपासून 12 बाइट पुढचा मिळतो, आणि तो बिनचूक असतो. कारण देवनागरीचा कुठलाही बाइट अ‍ॅस्की अक्षराशी (इंग्रजी अक्षरं, अंक, विरामचिन्हं; प्रत्येकी एक बाइट) जुळूच शकत नाही. पण ‘ण’ शोधायला गेलात तर ‘स्ट्रचर’ उपयोगाचं नाही. ते एकच बाइट पाहतं. तिथे ‘ण’चे तिन्ही बाइट एक छोटी स्ट्रिंग म्हणून ‘स्ट्रस्ट्र’ला (strstr), म्हणजे स्ट्रिंगमध्ये स्ट्रिंग शोधणाऱ्या फंक्शनला, द्यावे लागतात.