कादंबरीचे नाव ठरते कधी?

लिहून होत आलेल्या कादंबरीला नाव सापडत नाही, ही तक्रार मराठीत तशी नवी आहे. पूर्वीच्या बहुतेक लेखकांना ती करण्याची सवडच नव्हती. कादंबरी साप्ताहिकात किंवा मासिकात क्रमशः यायची आणि पहिले प्रकरण छापायला जातानाच मथळा द्यावा लागे. शेवट कसा होणार हे लेखकाला ठाऊक नसले तरी चाले, नाव मात्र आधीच ठरलेले असे.

यातून सुटण्याच्या वाटाही लेखकांनी काढल्या. १८८५ मध्ये ‘मधली स्थिती’ छापून येऊ लागली ती ‘आजकालच्या गोष्टी’ या सामाईक मथळ्याखाली. हा मथळा इतका सैल आहे की त्याच्या पोटात काहीही मावावे, आणि लेखकाला नेमके तेच हवे असणार. पुढे १८९० पासून त्याच लेखकाची ‘पण लक्षात कोण घेतो?’ आली. तिथे मात्र सैलपणा उरला नाही. कथा पुरी व्हायच्या कितीतरी आधी सगळा तगादा नावातच मांडून झाला होता. आज एखाद्या नवोदिताने प्रश्नचिन्हासकट असे वाक्य मुखपृष्ठावर घालायचे म्हटले, तर प्रकाशक त्याला चहा पाजून परत पाठवेल.

त्या काळातली खरी गुंतागुंत आहे ती ‘अथवा’ची. १८५७ च्या पुस्तकाचे पूर्ण नाव ‘यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण’ असे होते. पहिला भाग नायिकेचा, दुसरा लेखकाच्या कैफियतीचा. १९१५ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या ‘रागिणी अथवा काव्यशास्त्रविनोद’मध्येही हीच जोडणी दिसते. पात्रे बसून वादविवाद करणार आहेत, हे दुसऱ्या अर्ध्याने प्रामाणिकपणे आधीच सांगून टाकले होते. वाचकांनी मात्र दोन्ही ठिकाणी शेपटी छाटली. उरले ‘यमुनापर्यटन’ आणि ‘रागिणी’. लेखकाला जे आवर्जून सांगायचे होते तेच बोलण्यातून गळून पडले.

पुढची तीस-चाळीस वर्षे फार रेंगाळण्यासारखी नाहीत. ‘दोन ध्रुव’, ‘रिकामा देव्हारा’ अशा प्रतीकांच्या जोड्या चालल्या आणि त्यांच्या नकला त्याहून जास्त चालल्या. पन्नाशीच्या दशकात ‘गारंबीचा बापू’ (१९५२) आणि ‘बनगरवाडी’ (१९५५) यांनी गावाचे नाव मुखपृष्ठावर आणले, तेव्हा जरा हवा बदलली. गावाच्या नावाचा एक फायदा असतो. ते आशयाबद्दल काहीच कबूल करत नाही, त्यामुळे लिहिता लिहिता कादंबरी कुठेही वळली तरी नाव खोटे पडत नाही.

नावाचा खरा बाजार सुरू झाला तो साठच्या दशकात. ‘स्वामी’ १९६२ ची, ‘मृत्युंजय’ १९६७ ची. एका शब्दाचे, संस्कृत वळणाचे, नायकाला आधीच मखरात बसवणारे नाव आणि त्याखाली जाड ग्रंथ, हा साचा वाचनालयांच्या कपाटांत इतका घट्ट बसला की तो अजून हललेला नाही. १९७३ मध्ये कर्णावरची आणखी एक मोठी कादंबरी आली. ‘मृत्युंजय’ हे नाव लोकांच्या तोंडी बसलेले होते, तेव्हा ती ‘राधेय’ झाली. माझ्या मते दोन्हींत हेच नाव सरस आहे, कारण त्यात गौरव नाही, आईचे नाव आहे. पहिले नाव पुन्हा वापरण्यात कायद्याची आडकाठी बहुधा आली नसती. केवळ शीर्षकावर कॉपीराइट मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये एका चित्रपटाच्या प्रकरणात स्पष्ट केलेच आहे. पण वाचक घोटाळ्यात पडले असते आणि विक्रेते वैतागले असते, हा धाक कायद्यापेक्षा मोठा.

त्याच सुमारास मखराला कंटाळलेली नावेही येत होती. ‘सात सक्कं त्रेचाळीस’ (१९७४) हा पाढाच चुकलेला आहे आणि तो चुकलेला असणे हाच मुद्दा आहे. ‘मुंबई दिनांक’ तर बातमीच्या पहिल्या ओळीतून उचललेले, आणि लेखक पेशाने पत्रकार. पुढे त्याच लेखकाच्या ‘सिंहासन’शी तिची सांगड घालून १९७९ मध्ये चित्रपट निघाला, तेव्हा पडद्यावर ‘सिंहासन’च लागले. ‘मुंबई दिनांक’ हे नाव पोस्टरवर चढले नाही याची मला अजून हळहळ वाटते.

तोवर क्रमशःची जागा दिवाळी अंकांनी घेतली होती. ‘आगामी कादंबरीतील एक प्रकरण’ अशी ओळ घालून तुकडा छापायचा, ही चाल रूढ झाली. म्हणजे नाव पुन्हा वेळेआधीच फुटू लागले. प्रकाशकांच्या यादीतही ‘आगामी’ या सदराखाली न लिहिलेल्या पुस्तकांची नावे झळकत राहिली.

अशा आगाऊ नावांचा सगळ्यात गाजलेला नमुना ‘हिंदू’. पुस्तक २०१० मध्ये हाती येण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून हे नाव वाचकांच्या कानावर होते आणि प्रत्येकाने आपापल्या मनातली कादंबरी त्यावर लिहूनही टाकली होती. प्रत्यक्ष मुखपृष्ठावर त्याला जोड मिळाली, ‘जगण्याची समृद्ध अडगळ’. वाद पेटला तो या जोडीवर. धर्माला अडगळ म्हटले, असे काहींनी धरले. काहींना ‘समृद्ध’ हा शब्द पळवाट वाटला. दोन्ही आक्षेपांत नाव नीट वाचलेले दिसत नाही. अडगळ धर्माची म्हटलेली नाही, जगण्याची म्हटली आहे. शिवाय कादंबरीचा नायक पुरातत्त्वाचा अभ्यासक आहे आणि कथेची सुरुवात मोहेंजोदडोच्या उत्खननापासून होते. खणणाऱ्या माणसाला फुटकी खापरे हाच पुरावा असतो, तो अडगळ कमीपणाने म्हणणार नाही. आता प्रश्न असा की जोड नसती तर? नुसत्या पहिल्या शब्दाने हे पुस्तक दुकानात वैचारिक पुस्तकांच्या फळीवर गेले असते आणि न वाचताच त्याच्या बाजूने आणि विरुद्ध सभा झाल्या असत्या. तशा त्या काही प्रमाणात झाल्याच, पण शेपटीने वादाला निदान कादंबरीच्या अंगणात ओढून आणले. विरोधकांचे एक म्हणणे मात्र मान्य करावे लागते. उपशीर्षक कादंबरीच्या आधीच तिचा अर्थ लावून मोकळे होते, वाचकासाठी काम ठेवत नाही.

‘रागिणी’च्या उलट इथे एक गंमत झाली. बोलताना लोक ‘हिंदू’च म्हणतात, पण कापलेली शेपटी मेली नाही. ‘समृद्ध अडगळ’ वर्तमानपत्री मथळ्यांत, घरातल्या माळ्याबद्दलच्या ललित लेखांत, अगदी पुस्तकवेड्यांच्या कपाटांच्या फोटोंखालीही सर्रास सापडते, आणि वापरणाऱ्यांपैकी अनेकांनी मूळ कादंबरी उघडलेली नसते.

अलीकडच्या नावांत दोन टोके दिसतात. एका टोकाला आखूड नावे आहेत. २००५ ची ‘ब्र’ तर एका अक्षरावर थांबते. दुसऱ्या टोकाला ‘गार्डन ऑफ ईडन ऊर्फ साई सोसायटी’सारखे नाव येते आणि शंभर वर्षांपूर्वीची जोडणी वेश पालटून परत आलेली दिसते. फरक एवढाच की ‘अथवा’ दोन भागांना सन्मानाने शेजारी बसवत असे. ‘ऊर्फ’ पहिल्याची फजिती करतो.