नाताळात व्हिएन्ना: शेंगेन व्हिसासाठी कोणी, कधी आणि कोणत्या कागदांसह अर्ज करावा

व्हिएन्नाच्या राटहाउससमोरचा, म्हणजे तिथल्या नगरभवनासमोरचा नाताळबाजार नोव्हेंबरच्या मध्यावर भरतो आणि २६ डिसेंबरला उठतो. आपल्याकडे बहुतेकांना ऑफिसची सुट्टी २५ नंतर सोयीची पडते. त्यामुळे २७ ला जाऊन ३१ चा जल्लोष बघून परतायचं, असा बेत ठरतो. असा बेत केलेल्यांना तो बाजार बघायलाच मिळत नाही. शोनब्रुन राजवाड्यापुढचा बाजार अलीकडे जानेवारीच्या पहिल्या दिवसांपर्यंत चालतो, पण नाताळाआधीच्या संध्याकाळी राटहाउसच्या चौकात जी गर्दी आणि उजेड असतो, त्यासाठी १९-२० डिसेंबरपर्यंत तिथे पोचलेलंच बरं. व्हिसाच्या अर्जात प्रवासाच्या तारखा लिहाव्या लागतात आणि पुढचे सगळे कागद त्याच तारखांना बांधलेले असतात, म्हणून सुरुवात इथून केली.

आता उलटी मोजणी करू. समजा २० डिसेंबरला व्हिएन्नात उतरायचं आहे. शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, नियमाप्रमाणे प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, म्हणजे २० जूनपासून. अर्ज द्यायची शेवटची मुदत पंधरा दिवस आधीची, म्हणजे ५ डिसेंबर. या शेवटच्या तारखेवर कोणीही विसंबू नये. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात. जास्त चौकशीची गरज वाटली तर हाच काळ ४५ दिवसांपर्यंत वाढवायची मुभा वकिलातीला आहे. शिवाय अपॉइंटमेंट मिळायला लागणारा वेळ वेगळाच. दिवाळीचा फराळ संपल्यावर व्हिसाचं बघू, असं म्हणणाऱ्यांची दरवर्षी धावपळ होते. माझ्या मते सप्टेंबरमध्ये कागद गोळा करावेत आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात अर्ज जावा. दिवाळी कितीही लवकर किंवा उशिरा आली तरी हे गणित चुकत नाही.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा?

शेंगेन क्षेत्रात आज २९ देश आहेत आणि एका व्हिसावर सगळीकडे फिरता येतं. पण अर्ज एकाच देशाकडे जातो. जिथे सर्वांत जास्त रात्री मुक्काम, त्या देशाकडे. दोन देशांत सारख्याच रात्री असतील तर जिथे आधी प्रवेश करणार, त्या देशाकडे. व्हिएन्नात चार रात्री आणि प्रागमध्ये दोन असतील तर अर्ज ऑस्ट्रियाचा. अमुक देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून तिथला अर्ज भरायचा आणि हॉटेलं मात्र व्हिएन्नाची घ्यायची, हा सल्ला एजंट सर्रास देतात. तो मानू नका. बुकिंगं आणि अर्ज यांत तफावत दिसली तर नकाराला ते पुरेसं कारण ठरतं.

ऑस्ट्रियाचे अर्ज भारतात व्हीएफएस ग्लोबल या कंपनीच्या केंद्रांतून घेतले जातात. महाराष्ट्रातल्या अर्जदारांना मुंबईचं केंद्र आहे. केंद्र फक्त कागद तपासून, बोटांचे ठसे घेऊन फाइल पुढे पाठवतं. निर्णय ऑस्ट्रियाच्या अधिकाऱ्यांचा असतो. त्यामुळे ‘आमची आत ओळख आहे’ असं सांगणाऱ्याला एक पैसाही देऊ नये.

पात्रता म्हणून नेमकं काय बघतात?

तीन गोष्टी. जाण्याचं कारण खरं आहे का, खर्च झेपेल का, आणि माणूस परत येईल का. वयाची किंवा पगाराची कोणतीही ठरलेली रेघ नाही. निवृत्त शिक्षक, किराणा दुकानदार, शेतकरी, कॉलेजात शिकणारी मुलगी, सगळ्यांनाच हा व्हिसा मिळू शकतो. प्रत्येकाचे पुरावे मात्र वेगळे.

नोकरदारांनी कंपनीच्या लेटरहेडवर रजा मंजूर झाल्याचं पत्र घ्यावं. त्यात पद, रुजू झाल्याची तारीख, पगार आणि रजेचे दिवस हवेत. सोबत पगाराच्या स्लिपा आणि आयकर विवरणपत्रं. व्यवसाय असेल तर दुकान नोंदणी किंवा जीएसटीचं प्रमाणपत्र. शेतकऱ्यांनी सातबारा आणि मालाच्या विक्रीच्या पावत्या जोडाव्यात, पण हे कागद मराठीत असतात, म्हणून इंग्रजी भाषांतर करून घ्यावं. निवृत्तांना पेन्शनचे कागद पुरतात. मुलांच्या पैशावर आईवडील जाणार असतील तर मुलांचं प्रायोजकत्वाचं पत्र, त्यांचे उत्पन्नाचे पुरावे आणि नातं दाखवणारा जन्मदाखला लागतो.

बँकेचं स्टेटमेंट शिक्क्यासह हवं. केंद्राच्या चेकलिस्टमध्ये जितक्या महिन्यांचं मागितलं असेल तितकं द्यावं. अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात एकरकमी तीन लाख आलेले दिसले तर त्याचा खुलासा सोबत जोडावा. एफडी मोडली असेल तर तिची पावती, जमीन विकली असेल तर तिचा कागद. उसने आणून खातं फुगवू नये, ते कागदावर लगेच दिसतं.

सर्वांना लागणारे कागद थोडक्यात असे. भरून सही केलेला अर्ज. ३५ बाय ४५ मिलिमीटरचे, सहा महिन्यांच्या आतले, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे फोटो. विमानाचं रिझर्वेशन, सर्व रात्रींचं हॉटेल बुकिंग, दिवसवार बेत आणि एक आवरणपत्र (कव्हरिंग लेटर). पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला हवा, त्यात किमान दोन कोरी पानं हवीत, आणि शेंगेनमधून बाहेर पडल्यावर तो आणखी तीन महिने चालायला हवा. २७ डिसेंबरला परतणार असाल तर पुढच्या २७ मार्चपर्यंत तरी. जुने पासपोर्ट असतील तर तेही न्यावेत.

प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा हवा. तो सर्व शेंगेन देशांत लागू असावा आणि आजारपणातल्या उपचारांबरोबर मायदेशी परत आणण्याचा खर्चही त्यात धरलेला असावा. विम्याच्या तारखांवर मी मुद्दाम थांबतो, कारण आमची फाइल इथेच अडली होती. विमान १९ च्या रात्री मुंबईहून सुटून २० ला पोचणार होतं. पॉलिसी काढून देणाऱ्याने परतीची तारीख भारतात उतरण्याऐवजी एक दिवस अलीकडची घातली. काउंटरवरच्या मुलीने पेनाच्या टोकाने तो एक आकडा दाखवला, आणि दुरुस्त पॉलिसी छापून आणेपर्यंत आम्ही सगळे बाकावर बसून राहिलो. घरून निघण्याआधी तिकीट, हॉटेल, विमा, रजेचं पत्र आणि अर्ज हे पाच कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि तारखा बोटाने वाचा.

नावांचंही तसंच. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र येतं, बँकेत नुसती आद्याक्षरं असतात, आणि लग्न झालेल्या बाईचं एक खातं माहेरच्या नावावर राहिलेलं असतं. तिकीट आणि अर्ज अक्षर न अक्षर पासपोर्टप्रमाणेच असावेत. बाकी फरकांसाठी विवाह नोंदणीचा दाखला जोडावा आणि आवरणपत्रात दोन ओळींत ते सांगून टाकावं.

अठरा वर्षांखालच्या मुलांच्या अर्जावर पालकांच्या सह्या लागतात, जन्मदाखला लागतो. एकाच पालकासोबत किंवा आजीआजोबांसोबत मूल जात असेल तर मागे राहणाऱ्या पालकाचं संमतीपत्र लागतं.

हॉटेलऐवजी व्हिएन्नात राहणाऱ्या भावाकडे किंवा मैत्रिणीकडे उतरणार असाल आणि खर्चाची हमी तेच देणार असतील, तर त्यांनी ऑस्ट्रियातल्या पोलिसांकडे स्वतः जाऊन इलेक्ट्रॉनिक हमीपत्र नोंदवायचं असतं. त्याचा क्रमांक ते तुम्हाला कळवतात आणि तो अर्जात द्यायचा. साध्या कागदावर लिहिलेलं आमंत्रण त्याची जागा घेत नाही. त्यांना हे महिनाभर आधी सांगा.

शुल्क, ठसे आणि स्टिकर

११ जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५ युरो, सहाच्या आतल्यांना शून्य. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. व्हिसा नाकारला तरी हे पैसे परत मिळत नाहीत, म्हणून रद्द केल्यावर पैसे परत न मिळणारं विमानाचं तिकीट व्हिसा हातात येण्याआधी काढू नये. बोटांचे ठसे एकदा दिले की ५९ महिने चालतात. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत. निर्णय होईपर्यंत पासपोर्ट तिकडेच असतो, तेव्हा मधल्या काळात परदेशात दुसरीकडे कुठे जायचं ठरवू नका.

एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी एक चांगली सोय झाली आहे. गेल्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा घेऊन ते नियमाने वापरले असतील, तर दोन वर्षांचा अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो, आणि त्यानंतर पासपोर्टची मुदत पुरेशी असेल तर पाच वर्षांचा. जुन्या व्हिसांच्या प्रती म्हणूनच जोडायच्या.

पासपोर्ट परत आला की त्यात चिकटवलेला व्हिसाचा स्टिकर तिथल्या तिथे वाचा. ‘पासून–पर्यंत’ ही व्हिसाची वैधता, आणि तिच्याखाली मुक्कामाचे दिवस वेगळे लिहिलेले असतात. वैधता वीस दिवसांची आणि मुक्काम सात दिवसांचा असेल तर राहता सातच दिवस येतं, आणि उतरण्याचा व निघण्याचा दिवस दोन्ही त्यात मोजले जातात. प्रवेश एकच असेल तर व्हिएन्नाहून रेल्वेने तासाभरावर असलेलं, स्लोव्हाकियातलं ब्रातिस्लावा बिनधास्त बघून या, तेही शेंगेनमध्येच आहे. लंडनची फेरी मात्र त्यात बसणार नाही. एकदा बाहेर पडलात की परतीचं दार बंद.

व्हिसा नाकारला तर छापील पत्रात कारणावर खूण केलेली असते आणि अपिलाची मुदतही त्यातच असते. कारण कागदाच्या उणिवेचं असेल तर ती भरून काढून नवा अर्ज करणं बहुधा जलद पडतं. ऑक्टोबरात अर्ज केला असेल तर त्यासाठी नोव्हेंबर हाताशी राहतो.

विमानतळावर आता युरोपची नवी नोंदणी पद्धत आहे. शिक्क्याऐवजी चेहऱ्याचा फोटो घेऊन प्रवेश संगणकात नोंदवतात. रांग लांबली तर पुढचं कनेक्शन चुकू शकतं, म्हणून पहिल्या दिवशी घाईचा बेत ठेवू नका. २४ डिसेंबरला दुकानं दुपारी दोनच्या सुमारास बंद होतात, २५ आणि २६ ला सरकारी सुट्टी. मुलांसाठी दूध, ब्रेड आणि फळं २४ च्या सकाळीच आणून ठेवा.