उतारावरचं ऊन

23 सप्टेंबरच्या सुमारास दिवस-रात्र सारखी असतात. त्या दुपारी आकाश निरभ्र असेल, तर नाशिकच्या सपाट शेतावर सूर्य 70 अंश उंचीवरून तळपतो. जर्मनीतल्या मोझेल नदीचं खोरं साधारण 50 अक्षांशावर आहे. तिथे त्याच दुपारी सूर्य 40 अंशांच्या वर चढतच नाही. ऊन तिरकं, पसरट आणि पातळ पडतं. पण जमीन दक्षिणेकडे 30 अंशांनी कललेली असली, तर तेच ऊन तिला 70 अंशांनी भिडतं, म्हणजे नाशिकच्या सपाट वावराला भिडतं तसंच. शेजारच्या सपाट शेताच्या जवळपास दीडपट ऊन त्या उताराच्या वाट्याला येतं.

जर्मन वाइनचं सगळं गणित या कोनात आहे. मोझेलच्या काठावर ब्रेम गावाजवळ काल्मोंट नावाचा डोंगर आहे. त्यावरची द्राक्षबाग युरोपातली सर्वांत चढणीची मानली जाते, काही ठिकाणी उतार 60 अंशांच्याही पुढे जातो. माती म्हणजे काळपट पाटीच्या दगडाच्या चिपा. दिवसभर त्या तापतात आणि रात्री ऊब सोडतात. शतकानुशतकं माणसं पाठीवर टोपल्या घेऊन तिथे चढली, कारण द्राक्षात साखर भरायची तर तेवढा एकच मार्ग होता.

साखर हीच तिथली दुर्मीळ गोष्ट. 17 ग्रॅमच्या आसपास साखर आंबली की एक लिटर वाइनमध्ये एक टक्का अल्कोहोल तयार होतं. थंड वर्षी द्राक्षं आंबटच राहिली की वाइन पातळ व्हायची. म्हणून तिथे गुणवत्ता मोजायची म्हणजे गोडी मोजायची, असा हिशेब बसला. फोर्झहाइमच्या फर्डिनांड ओएक्सले यांनी 19व्या शतकात त्यासाठी काटा रूढ केला: एक लिटर रस एक लिटर पाण्यापेक्षा जितके ग्रॅम जड, तितके अंश ओएक्सले. आपले बागायतदार ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेची टक्केवारी, मोजतात, त्या हिशेबात 70 ओएक्सले म्हणजे सुमारे 17 ब्रिक्स. थॉम्पसनचा घड काढणीला येतो तेव्हा साधारण तितकीच गोडी असते.

1971 च्या जर्मन वाइन कायद्याने हाच काटा सिंहासनावर बसवला. काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे अशा पायऱ्या ठरल्या आणि द्राक्ष कोणत्या पायरीचं ते रसातल्या साखरेवरून ठरू लागलं. उतार कोणता, दगड कोणता, याला दुय्यम स्थान मिळालं. माझ्या मते ही मोठी चूक होती आणि तिची किंमत जर्मनीने बाजारात मोजली. कारण साखर काही फक्त कष्टाच्या उतारावरच तयार होत नाही. म्युलर-थुरगाउ ही लवकर पिकणारी, भरघोस देणारी जात सपाटीवरही गोड होते. 1882 च्या सुमारास गायझनहाइमच्या संस्थेत हेरमान म्युलर यांनी ती तयार केली होती. बीट आणि बटाटे पिकवणाऱ्या शेतांत आता ती पसरली आणि काही काळ देशातली पहिल्या क्रमांकाची जात ठरली. त्या पातळ वाइनमध्ये न आंबवलेला गोड रस मिसळायचा आणि बाटल्या जहाजावर चढवायच्या, असा धंदा बहरला. वर्म्स शहरातल्या एका चर्चभोवतीच्या बागेवरून आलेलं ‘लीबफ्राउमिल्श’ हे नाव ब्रिटन-अमेरिकेच्या दुकानांतून स्वस्त, गोड वाइनचं दुसरं नाव झालं.

अशी ओळख पुसायला पिढ्या जातात. 1985 मध्ये ऑस्ट्रियातल्या काही उत्पादकांनी वाइनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळल्याचं उघड झालं. काही जर्मन बाटलीबंद मालातही ते सापडलं. पुढे परदेशी ग्राहकाची जीभही कोरड्या, म्हणजे साखर न उरलेल्या वाइनकडे वळली. निर्यात तेव्हाच्या निम्म्यावर आली. आज वर्षाला सुमारे 12 लाख हेक्टोलिटर (एक हेक्टोलिटर म्हणजे 100 लिटर) माल बाहेर जातो, सर्वांत मोठा ग्राहक अमेरिका. त्यामुळे तिथलं आयातशुल्क बदललं की मोझेलचा शेतकरी हादरतो. ऑक्टोबर 2019 मध्ये 25 टक्के शुल्क लागलं होतं, आणि ऑगस्ट 2025 मध्ये युरोपीय मालावर 15 टक्के लागलं.

दरम्यान, ज्या टंचाईवर हा सगळा डोलारा उभा होता, ती टंचाईच संपली. 1881 पासून जर्मनीचं सरासरी तापमान पावणेदोन ते दोन अंशांनी वाढलं आहे. ऑक्टोबरच्या मध्यावर किंवा त्याही नंतर सुरू होणारी रिझलिंगची, म्हणजे जर्मनीतल्या प्रमुख पांढऱ्या वाइन-द्राक्षाची, तोडणी आता अनेक बागांत सप्टेंबरमध्येच सुरू होते. 2018 साली तर अर्धवट आंबलेल्या ताज्या वाइनसाठीची पहिली द्राक्षं ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात खुडली गेली. रस 70 ओएक्सलेला पोचवण्यासाठी आजोबा जिवाचं रान करत. नातू आता साखर त्याच्या फार पुढे जाऊ नये म्हणून धडपडतो. हलकी, नाजूक काबिनेट बनवायची तर त्याला घाईने तोडणी करावी लागते किंवा पूर्वी कोणी न विचारलेल्या थंड, उंच बागा शोधाव्या लागतात.

गोडी वाढली हे चांगलंच ना, असं वाटू शकतं. पण द्राक्षाच्या मण्यात साखर आणि आम्लाचा तराजू असतो. मुख्य आम्लं दोन, टार्टारिक आणि मॅलिक. टार्टारिक बरंचसं टिकून राहतं. मॅलिक मात्र मणी स्वतःच श्वसनात जाळतो, आणि रात्र जितकी उबदार तितकं ते जास्त जळतं. साखर चढते, आम्ल उतरतं, आणि रिझलिंगचा प्राण असलेली ती चुणचुणीत आंबट धार बोथट होते. दुसरी गोष्ट वासाची. जुन्या रिझलिंगला रॉकेल-पेट्रोलसारखा हलका वास येतो. तो टीडीएन या संयुगाचा, आणि ते द्राक्षाच्या सालीतल्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांपासून तयार होतं. मण्यांवर ऊन आणि उष्णता जास्त पडली की ते वाढतं. थोडं असेल तर जाणकारांना आवडतं, जास्त झालं तर बाटली परत येते. घडाला ऊन मिळावं म्हणून पूर्वी शेतकरी पानं खुडत. आता घडावर सावली राहावी म्हणून पानं राखतात.

सगळ्यात हळहळ वाटावी अशी गोष्ट आइसवाइनची आहे. घड वेलीवरच ठेवायचे, उणे 7 अंश किंवा त्याखाली थंडी पडेपर्यंत वाट पाहायची, आणि पहाटेच्या अंधारात गोठलेले मणी तोडून तसेच दाबायचे. पाण्याचा बर्फ दाबयंत्रात मागे राहतो आणि मधासारखा घट्ट रस तेवढा ठिबकतो. 2019 च्या हंगामात जर्मनीच्या 13 पैकी एकाही वाइन प्रदेशात ती थंडी पडलीच नाही. देशभरात आइसवाइन झाली नाही असं ते पहिलंच वर्ष.

उबेचा फायदा झालेल्या जातीही आहेत, हे सांगायला हवं. फ्रान्सची पिनो नुआर तिथे श्पेटबुर्गुंडर म्हणून ओळखली जाते आणि तिच्या क्षेत्रात जर्मनी जगात तिसरा आहे, फ्रान्स आणि अमेरिकेच्या मागे. पूर्वीची फिकट, आंबट लाल वाइन आता दर्जेदार झाली आहे. रिझलिंग सुमारे 24,000 हेक्टरवर अजूनही अव्वल आहे, पण तिच्या मागे पिनोच्या ग्राउबुर्गुंडर आणि वाइसबुर्गुंडर या जाती वेगाने वाढत आहेत. फ्रायबुर्गमध्ये तयार झालेली सोलारिस ही जात तर डेन्मार्क आणि स्वीडनपर्यंत पोचली.

मात्र ऊब येते ती एकटी येत नाही. वेलीचे डोळे लवकर फुटतात आणि मग एप्रिलची एखादीच गोठवणारी रात्र कोवळी फूट करपवून जाते. एप्रिल 2024 मध्ये झाले-उन्स्ट्रुट आणि झाक्सन या पूर्वेकडच्या प्रदेशांचं असंच मोठं नुकसान झालं. अशा रात्री बागांतून मोठ्या मेणबत्त्या पेटवल्या जातात. निफाडला पारा घसरला की आपले बागायतदार शेकोट्या पेटवतात, त्यामागे हीच धास्ती असते. पावसाळी उन्हाळ्यात भुरी आणि डाउनी हे बुरशीचे रोग पाठ सोडत नाहीत. त्यावर उपाय म्हणून रेगेंट, सुविन्ये ग्री अशा रोगप्रतिकारक जाती आहेत. त्यांना फवारण्या खूप कमी लागतात, तरी त्यांचं क्षेत्र अजून सुमारे 3 टक्केच आहे. ग्राहक ओळखीचं नाव मागतो, आणि नवी बाग लावणारा शेतकरी 30 वर्षांचा जुगार खेळत असतो.

आता पिणाऱ्यांकडे वळू. जर्मन माणूस वर्षाला सरासरी 20 लिटरच्या आसपास वाइन पितो, पण त्यातली निम्म्याहून जास्त परदेशी असते. प्रमाणाच्या हिशेबात जर्मनी जगातल्या सर्वांत मोठ्या आयातदारांपैकी एक आहे. इटली आणि स्पेनची स्वस्त वाइन टँकरने येते आणि सवलतीच्या सुपरमार्केटांत विकली जाते. मोझेलच्या उतारावर हाताने खुडलेल्या घडाला तिच्याशी भावात झुंजता येत नाही. जर्मन लोक फेसाळती वाइन, झेक्ट, आवडीने पितात. तिच्यावरचा कर 1902 साली कैसरच्या आरमारासाठी लावला गेला होता. मधली काही वर्षं सोडली तर तो आजही भरावा लागतो, एका बाटलीमागे 1.02 युरो.

आणि पिणारेच कमी होत आहेत. 2024 मध्ये जगाचा वाइनचा खप 1961 नंतरच्या सर्वांत खालच्या पातळीवर गेला. त्याच वर्षी जर्मन पोषण संस्थेने आपला जुना सल्ला बदलून अल्कोहोल टाळलेलंच बरं असं सांगितलं. तरुण मंडळी ते मनावर घेताना दिसतात. आरोग्याच्या दृष्टीने ही आनंदाची बातमी आहे, तसं म्हणायला मला संकोच नाही. शेतकऱ्यासाठी मात्र दिवस कठीण आहेत. टँकरने विकल्या जाणाऱ्या साध्या वाइनचा भाव उत्पादनखर्चाच्याही खाली गेला आहे.

एक वाट अल्कोहोल काढून टाकलेल्या वाइनची आहे, आणि तिचा शोधही तिथलाच. रुडेसहाइमच्या कार्ल युंग यांनी 1900 नंतरच्या पहिल्या दशकातच त्याचं पेटंट घेतलं होतं. अल्कोहोल एरवी 78 अंशांना उकळतं. तितकं तापवलं तर वाइन शिजते. पण भांड्यातली हवा काढून दाब घटवला की तेच 30 अंशांच्या आसपास उडून जातं आणि फळाचा स्वाद बराच वाचतो. शंभर वर्षं हा प्रकार कोपऱ्यात पडून होता. आज बाजारात त्याचा वाटा टक्का-दीड टक्काच आहे, पण तो वाढतो आहे.

भाव पडला की सर्वांत आधी बंद होतात त्या चढणीच्या बागा. तिथे यंत्र चढत नाही, मजूर मिळत नाहीत आणि सपाटीपेक्षा कित्येक पट तास खपावं लागतं. मोझेलमध्ये 1990 च्या सुमारास 12,000 हेक्टरांहून जास्त बाग होती, आता साधारण 8,500 हेक्टर उरली आहे. सोडून दिलेल्या मजग्यांवर, म्हणजे उतारावरच्या पायऱ्यांच्या शेतांवर, काही वर्षांत काटेरी जाळी माजते.

या मजग्यांच्या दगडी बांधांच्या फटींत पांढऱ्या फुलांची सेडम नावाची बुटकी, मांसल पानांची वनस्पती वाढते. मोझेल-अपोलो नावाच्या फुलपाखराच्या अळीचं ते अन्न. पांढऱ्या पंखांवर लाल ठिपके असलेलं हे फुलपाखरू जगात फक्त या खोऱ्याच्या खालच्या भागात आढळतं आणि गेल्या काही वर्षांत त्याची संख्या फार घसरली आहे. उबदार हिवाळे आणि फवारणी ही त्याची कारणं असावीत, असं अभ्यासक मानतात. पण त्याला मुळात हवा असतो तो उघडा, तापलेला दगड, आणि ज्या मजग्या ओसाड पडल्या, तिथे तो दगड आता जाळीच्या सावलीत गेला आहे.