माइल्सचं कार्ड आणि झिरो मार्कअपचं कार्ड

एका कार्डावर विमान तिकिटासाठी वापरता येणारे पॉइंट्स म्हणजे माइल्स मिळतात, दुसऱ्यावर परदेशातल्या खर्चाला बँकेचं जादा शुल्क म्हणजे मार्कअप लागत नाही. दोन्हींना बँका ‘ट्रॅव्हल कार्ड’च म्हणतात आणि दोन्हींच्या जाहिरातीत विमान असतं. त्यामुळे पहिलं क्रेडिट कार्ड घेणाऱ्याची गल्लत होते. एक कार्ड परदेशी जायच्या आधी कामाला येतं, दुसरं तिथे उतरल्यावर.

बँकॉकहून परतल्यावर आलेलं माझं स्टेटमेंट मला अजून आठवतं. हॉटेलचे ४०,००० रुपये. खाली वेगळ्या ओळीत १,४००, त्याच्या खाली २५२. मला वाटलं, हॉटेलनेच काही जास्तीचं लावलं. फोन केल्यावर कळलं की १,४०० म्हणजे साडेतीन टक्के फॉरेक्स मार्कअप आणि २५२ हा त्या मार्कअपवरचा १८ टक्के जीएसटी. शंभर रुपयांच्या खर्चावर चार रुपये तेरा पैसे गेले. त्याच खर्चावर मिळालेल्या पॉइंट्सची किंमत निघाली ४०० रुपये. आणि ते माइल्सचं कार्ड मी परदेश प्रवासासाठी म्हणूनच घेतलं होतं.

कार्ड वाईट नव्हतं, मी ते चुकीच्या ठिकाणी वापरलं. माइल्सच्या कार्डाची खरी कमाई इथेच, घरी होते. किराणा, ऑनलाइन खरेदी, घरातल्या लग्नाची खरेदी यांवर पॉइंट्स साठतात आणि मग ते एअर इंडियाच्या महाराजा क्लबमध्ये किंवा सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरमध्ये, म्हणजे त्या कंपन्यांच्या माइल्सच्या योजनांमध्ये, वळवता येतात. कोणत्या एअरलाइनमध्ये वळवता येतील हे कार्डागणिक बदलतं, ते अर्ज करण्याआधी बघावं. पॉइंटची किंमतही ठरलेली नसते. जो पॉइंट बिलात वळता केल्यावर चार आण्यांचा ठरतो, तोच विमानाच्या तिकिटावर रुपयाचा होऊ शकतो. म्हणून मिक्सर-टोस्टरच्या कॅटलॉगमध्ये पॉइंट्स उडवले की मला फार वाईट वाटतं.

पण ‘फुकट तिकीट’ पूर्ण फुकट नसतं, कर आणि अधिभार खिशातूनच भरावे लागतात. पेट्रोल, घरभाडं, वॉलेटमध्ये भरलेले पैसे यांवर बहुतेक कार्डं पॉइंट देतच नाहीत. क्रिसफ्लायरचे माइल्स ३६ महिन्यांत संपतात. वर वार्षिक फी. महिन्याला ३०,००० रुपये कार्डावर जात असतील तर वर्षाचे ३ लाख ६० हजार होतात. दोन टक्के परतावा धरला तर ७,२०० रुपये. त्यातून फी वजा केल्यावर काय उरतं, ते कागदावर मांडून बघा.

झिरो मार्कअपच्या कार्डाचा हिशेब सरळ आहे. परदेशात दोन लाख खर्च केले तर साध्या कार्डावर ८,२६० रुपये जादा जातात, इथे ते वाचतात. पॉइंट्स थोडेच मिळाले तरी हरकत नाही.

वर्षा-दोन वर्षांतून एकदा परदेशी जाणाऱ्याने पहिलं कार्ड हेच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. सिबिल स्कोअर, म्हणजे आपण कर्ज कसं फेडतो यावरून ठरणारा आकडा, अजून तयार नसेल तर एफडीवर मिळणारं कार्ड बघा. आयडीएफसी फर्स्टचं वॉव कार्ड त्याच प्रकारचं, फेडरल बँकेचं स्कॅपिया मात्र एफडीशिवायचं. दोन्हींवर मार्कअप शून्य आहे, तरी अटी बदलत राहतात, म्हणून घेताना शुल्काचा तक्ता वाचाच. घरचा कार्डावरचा खर्च वाढला, बिल दर महिन्याला पूर्ण भरायची सवय लागली, की दुसरं कार्ड माइल्सचं. थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, त्यापुढे कुठलेही माइल्स टिकत नाहीत.

फॉरेक्स कार्ड हे तिसरंच प्रकरण. त्यात आधी आपलेच पैसे भरायचे असतात, ते क्रेडिट कार्ड नव्हे.

झिरो मार्कअपचं कार्ड खिशात असूनही पैसे जातात ती जागा म्हणजे दुकानातलं मशीन. कार्ड लावलं की पडद्यावर दोन पर्याय येतात, थायलंडमध्ये असाल तर तिथलं चलन बाथ आणि आपले रुपये. रुपये ओळखीचे म्हणून बोट तिकडेच जातं, आणि मग चलन बदलण्याचा दर तिथल्या मशीनवाल्याचा लागतो, त्याचा नफा धरून. काउंटरवरची मुलगी कधी कधी आपल्याला न विचारता रुपयेच दाबते. अशा वेळी सही करण्याआधी पावतीवरचं चलन बघावं, आयएनआर, म्हणजे रुपये, दिसलं तर व्यवहार रद्द करायला सांगून बाथमध्ये पुन्हा करून घ्यावा.