बारावीला गणित नव्हतं, तरी इंजिनिअरिंग करायचंय? रस्ते कोणते, कागद कोणते

प्रवेशाच्या दिवसांत मी मुलांचे अर्ज भरून देते. दरवर्षी एखादं तरी मूल असं येतं, ज्याने अकरावीला गणित सोडून जीवशास्त्र घेतलेलं असतं, नीटमध्ये काही जमलेलं नसतं आणि आता कॉम्प्युटर नाहीतर मेकॅनिकलला जायचं असतं. सोबत वडील, हातात प्लॅस्टिकची फाइल आणि मोबाइलवर कुणीतरी पाठवलेला मेसेज : ‘इंजिनिअरिंगला आता गणित लागत नाही.’ एका मुलीने तर घरी बसून गणित केलं होतं आणि एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटातून दिलीही होती. पर्सेंटाइल चांगलं होतं. अर्जात बारावीचे विषयवार गुण भरायची वेळ आली, तेव्हा गणिताच्या रकान्यात लिहायला काहीच नव्हतं. तिथे अर्ज थांबला. असं पुन्हा कुणाचं होऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

तो मेसेज अगदीच हवेतून आलेला नाही. मार्च 2021 मध्ये एआयसीटीईने, म्हणजे देशातल्या तंत्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या परिषदेने, 2021-22 साठीची नियमपुस्तिका काढली. तिच्यात 14 विषयांची यादी देऊन त्यांतले कोणतेही तीन घेतलेला विद्यार्थी पात्र धरला होता. त्यावर देशभर गदारोळ झाला. तेव्हाचे अध्यक्ष डॉ. अनिल सहस्रबुद्धे, जे आधी पुण्याच्या सीओईपी या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजचे संचालक होते, त्यांनी मेकॅनिकलसारख्या शाखांना गणित लागणारच, असं स्पष्ट केलं. पुढच्याच वर्षीच्या पुस्तिकेत ही सवलत आर्किटेक्चर, फॅशन टेक्नॉलॉजी आणि पॅकेजिंग टेक्नॉलॉजी एवढ्यापुरती उरली. मेसेज मात्र अजून फिरतोच आहे.

महाराष्ट्रात कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला जायचं तर बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित दोन्ही हवेत, आणि तिसरा विषय रसायनशास्त्र किंवा नियमात दिलेल्या यादीतला. तिन्ही विषयांत मिळून किमान 45 टक्के लागतात. महाराष्ट्रातल्या मागासवर्गीय, आर्थिक दुर्बल आणि दिव्यांग उमेदवारांना 40 टक्के चालतात. कॉमर्सचं गणित घेतलेली मुलंही विचारायला येतात, पण त्यांच्याकडे भौतिकशास्त्र नसतं, त्यामुळे तिथेही हाच अडसर.

आता रस्ते बघू. माझ्या मते सगळ्यांत भरवशाचा रस्ता डिप्लोमाचा, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर सांगते.

दहावीनंतर तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा करायचा आणि मग डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घ्यायचा. यालाच सगळे डीएसई (डायरेक्ट सेकंड इयर) म्हणतात. डिप्लोमाला दहावी पास आणि किमान 35 टक्के एवढीच अट आहे, प्रवेश परीक्षा नाही. बारावी विज्ञान किंवा व्होकेशनल झालेल्यांना आणि दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यांना डिप्लोमाच्याही थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. म्हणजे बारावी झालेल्या मुलाची डिप्लोमाची दोनच वर्षं. पुढे डिग्रीसाठी डिप्लोमाला 45 टक्के, राखीव प्रवर्गाला 40. सीईटी द्यायची नाही, मेरिट डिप्लोमाच्या टक्क्यांवर लागतं. बारावीच्या गणिताबद्दल इथे कुणी विचारत नाही. सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय अशा नावाजलेल्या ठिकाणीही या वाटेने मुलं जातात. अर्थात तिथे डिप्लोमाला 45 टक्के मिळवून भागत नाही, नव्वदीच्या आसपासची चुरस असते.

इथे एक गोष्ट पालकांना बसवून सांगावी लागते. या वाटेवर बारावीच्या गणिताची अट नाही, पण गणित आहेच. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी एमएसबीटीईचा (राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाचा) बेसिक मॅथेमॅटिक्स आणि त्यानंतर अप्लाइड मॅथेमॅटिक्स असतो. त्रिकोणमिती, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन सगळं तिथे येतं. जो बारावीनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जातो, त्याची नेमकी हीच पायरी निसटू शकते. मग डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला बसल्या बसल्या एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, समोर येतो. लाप्लास ट्रान्सफॉर्म फळ्यावर सुरू असतो आणि मुलाला साधं इंटिग्रेशन बाय पार्ट्स आठवत नसतं. तिथे केट्या लागतात, म्हणजे विषय राहतात. म्हणून डिप्लोमाचा निकाल लागल्यापासून कॉलेज सुरू होईपर्यंतच्या सुट्टीत बारावीच्या पुस्तकातलं इंटिग्रेशन आणि डिफरन्शियल इक्वेशन ही प्रकरणं सोडवून काढा. क्लास लावायची गरज नाही, रोज दोन तास पुरतात.

दुसरा रस्ता म्हणजे राहिलेलं गणित आता देणं. राज्य मंडळाच्या बारावीच्या आवेदनपत्रांच्या सूचनेत नियमित आणि पुनर्परीक्षार्थींबरोबर ‘तुरळक विषय घेऊन प्रविष्ट होणारे विद्यार्थी’ असा एक प्रकार असतो. बारावी पास झालेल्याने एकटं गणित देण्याची सोय हीच. अर्ज कनिष्ठ महाविद्यालयामार्फतच भरायचा असतो. गणिताची लेखी परीक्षा 80 गुणांची आणि प्रात्यक्षिक 20 गुणांचं, त्यामुळे नुसतं परीक्षेला जाऊन भागत नाही, प्रात्यक्षिकाच्या वहीसाठी कॉलेजात फेऱ्या होतात. फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षेची आवेदनपत्रं पावसाळा सरताना निघतात. तेव्हाच जुन्या कॉलेजात जाऊन या प्रकारचा अर्ज भरून देतात का ते विचारा. काही ठिकाणी क्लार्कलाच हा प्रकार माहीत नसतो, म्हणून मंडळाच्या सूचनेची प्रत सोबत ठेवा. एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेतूनही एकच विषय घेता येतो. तिथे गणिताचा कोड 311 आणि परीक्षा वर्षातून दोनदा. त्यानंतर पीसीएम गटातून सीईटी. तिच्या 200 गुणांपैकी 100 एकट्या गणिताचे, हे लक्षात घेऊनच वर्ष खर्ची घालायचं की नाही ते ठरवा. ज्याला गणित आवडतं आणि फक्त गट निवडताना चूक झाली, त्याच्यासाठी हा रस्ता चांगला. ज्याने गणिताला भिऊनच जीवशास्त्र घेतलं, त्याला मी डिप्लोमाच सुचवते.

बी.एस्सी. करून डीएसईला जाऊ, असं बरेच जण ठरवतात. थांबा. बी.एस्सी.वाल्यांना थेट दुसरं वर्ष मिळतं हे खरं, पण नियमातच बारावीला गणित हा विषय असल्याची अट आहे. तीन वर्षं घालवल्यावर हे कळलेली मुलं मी पाहिली आहेत.

जीवशास्त्र गटालाच पुढे न्यायचं असेल तर राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या कृषी विद्यापीठांखालचं बी.टेक. फूड टेक्नॉलॉजी बघा. त्याला पीसीबी (गणिताऐवजी जीवशास्त्र) गटाची सीईटी चालते. कृषी अभियांत्रिकीला मात्र गणित लागतं. नावं सारखी वाटतात म्हणून घोटाळा करू नका.

आता कागद. डीएसईच्या अर्जाला दहावीची गुणपत्रिका, डिप्लोमाच्या सगळ्या गुणपत्रिका, पॉलिटेक्निकचा शाळा सोडल्याचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र लागतं. दहावी आणि डिप्लोमा महाराष्ट्रातून आणि जन्म किंवा अधिवास महाराष्ट्राचा, अशी मुलं ‘टाइप ए’मध्ये येतात. दाखल्यावर राष्ट्रीयत्व ‘भारतीय’ लिहिलंय का ते बघून घ्या. मधे वर्ष गेलं असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. आर्थिक दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र राज्याच्या नमुन्यातलं हवं, केंद्राचं चालत नाही.

सर्वांत जास्त जागा हातच्या जातात त्या जात वैधता आणि नॉन-क्रीमी लेअरमुळे. डिग्रीच्या राखीव जागेला जातीचा दाखला पुरत नाही, वैधता प्रमाणपत्र लागतं. समितीकडे महिनोन् महिने जातात, तेव्हा डिप्लोमाला असतानाच पॉलिटेक्निकच्या पत्रासह अर्ज टाका. नॉन-क्रीमी लेअर ज्या शैक्षणिक वर्षासाठी प्रवेश, त्याच्या 31 मार्चपर्यंत वैध असावं लागतं. गेल्या वर्षीचं संपलेलं प्रमाणपत्र जोडलं की अर्ज छाननीतून परत येतो.

मुलींच्या आईवडिलांना एक आवर्जून सांगते. जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात 100 टक्के सवलत आहे. त्यासाठी प्रवेश कॅपमधूनच झालेला हवा. कॉलेजच्या व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर ती मिळत नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा.

विकल्प भरताना पहिला क्रमांक विचार करून टाका. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर ती जागा घ्यावी लागते, पुढच्या फेरीत बदल मागता येत नाही. अर्ज कन्फर्म झाल्याची पावती छापून फाइलमध्ये ठेवा आणि नोंदणीचा मोबाइल नंबर घरातलाच द्या. सायबर कॅफेवाल्याचा नंबर टाकला, की ओटीपी त्याच्याकडे जातो आणि तुम्ही त्याच्या दुकानाबाहेर उभे राहता.