हिवतापाच्या परजीवीतील कलकणू व मेद-चयापचय

प्लास्मोडियम वंशातील परजीवी ऊर्जा, पिरिमिडिने (डीएनए-आरएनएचे घटक) व मेदद्रव्ये कशी मिळवतात, याविषयीची नोंद. सातारा-सांगली भागात कालवे व विहिरींत वाढणारा ॲनॉफेलिस क्युलिसिफेसीस हा डास, घाटाकडील ओढ्यांतला ॲ. फ्लुव्हिॲटिलिस आणि शहरी टाक्यांतला ॲ. स्टीफेन्सी हे या परजीवींचे वाहक होत.

रक्तातील प्रत्येक तरुण परजीवीत कलकणू (तंतुकणिका, म्हणजे श्वसन व ऊर्जानिर्मितीचे पेशीतील अंगक) एकच असतो. त्याचा डीएनए सुमारे ६,००० बेसजोड्यांचा असून त्यात तीनच प्रथिनांचे जनुक आहेत. मानवी कलकणूत ते तेरा आहेत. तांबड्या पेशीतला परजीवी ऊर्जा बहुतांशी ग्लुकोजच्या विघटनातूनच मिळवतो, म्हणून या अवस्थेत कलकणू जवळजवळ निष्क्रिय असावा असे दीर्घकाळ समजले जाई. अखिल वैद्य व सहकाऱ्यांच्या २००७ मधील प्रयोगाने ही समजूत मागे पडली. परजीवीला रक्तपेशीतून तयार पिरिमिडिने उचलता येत नाहीत, ती स्वतःच बनवावी लागतात. त्या मालिकेतील डायहायड्रोओरोटेट डीहायड्रोजनेज हे एंझाइम आपले इलेक्ट्रॉन कलकणूतील युबिक्विनोन या इलेक्ट्रॉनवाहक रेणूला देते. युबिक्विनोनवर अवलंबून नसलेले यीस्टचे तसेच एंझाइम परजीवीत घातले, तेव्हा कलकणूतील सायटोक्रोम-बी हे प्रथिन अडवणारे ॲटोव्हॅक्वोन हे औषध त्याला मारू शकले नाही. म्हणजे रक्तावस्थेत इलेक्ट्रॉन-वहनाचे मुख्य काम युबिक्विनोन पुन्हा वापरायोग्य करणे हेच ठरते. डासाच्या शरीरात मात्र कलकणूच्या श्वसनाची गरज पुष्कळच वाढते. सायटोक्रोम-बीमधील उत्परिवर्तनाने ॲटोव्हॅक्वोनला दाद न देणारे परजीवी डासामार्फत पुढे जात नाहीत, असे २०१६ मध्ये दाखवले गेले, त्याची संगती याच्याशी लागते.

मेदाम्लनिर्मितीची एंझाइमे कलकणूत नसून ॲपिकोप्लास्ट या चार पटलांच्या अंगकात आहेत. हे अंगक गिळंकृत शैवलाचा अवशेष आहे यावर एकमत आहे. शैवल कोणते, यावर वाद झाला. १९९७ च्या एका अभ्यासाने हिरव्या शैवलाकडे बोट दाखवले होते. परंतु प्रवाळांत राहणारा, प्रकाशसंश्लेषण करणारा क्रोमेरा हा दूरचा नातलग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे त्याच्या प्लास्टिडाचा (प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या अंगकाचा) जीनोम वाचला गेला आणि पारडे तांबड्या शैवलाच्या बाजूला झुकले. उपलब्ध पुराव्यात हेच मत अधिक ग्राह्य वाटते.

दुसरा वाद, म्हणजे ही मेदाम्लनिर्मिती रक्तावस्थेत अत्यावश्यक आहे का, औषधांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. २००१ मध्ये बंगळूरच्या नमिता व अवधेश सुरोलिया यांनी ट्रायक्लोसान हे जंतुनाशक परजीवीचे मेदाम्ल-एंझाइम रोखते व परजीवीला मारते असे दाखवले, आणि मोठ्या आशा निर्माण झाल्या. २००८-०९ मध्ये त्या मार्गाचे जनुक काढून टाकलेले परजीवी रक्तात व्यवस्थित वाढले; अडले ते यकृतातील अखेरच्या टप्प्यात. तेव्हा ट्रायक्लोसानचा रक्तातील परिणाम अन्य मार्गाने होत असावा. २०११ च्या प्रयोगांनुसार रक्तावस्थेत ॲपिकोप्लास्टचे अनिवार्य उत्पादन आयसोप्रिनॉइड या संयुगांचा पूर्वगामी रेणू एवढेच आहे. युबिक्विनोनची शेपटी त्यापासूनच बनते, म्हणून ही दोन अंगके वेगळी धरून चालत नाही.

रक्तावस्थेत मेदाम्ले बहुतांशी रक्तद्रवातून येतात. लायसोफॉस्फॅटिडिलकोलीन हा रक्तातील मेदरेणू त्यांचा व कोलीनचा मोठा स्रोत आहे. ते कमी पडले की फॅल्सिपॅरम जातीचे परजीवी लैंगिक अवस्थेकडे अधिक वळतात (२०१७). कोलेस्टेरॉल परजीवी स्वतः बनवत नाही.

जिल्हा हिवताप यंत्रणेकडील रक्तनमुने जेएसबी (जसवंत सिंग-भट्टाचारजी) रंजनाने रंगवले की केंद्रक लाल व पेशीद्रव्य निळे दिसते; कलकणू ओळखू येत नाही. काचेवर दिसणारे तपकिरी कण हीमोझॉइनचे, म्हणजे परजीवीने हिमोग्लोबिन पचवल्यावर उरलेल्या हीमच्या स्फटिकांचे. हे स्फटिक मेदाच्या सान्निध्यात वाढतात की प्रथिनांच्या, याबद्दल मतभेद आहेत; मेदाची बाजू सध्या जड आहे. क्लोरोक्वीन हे औषध याच स्फटिकीकरणाला अडवते. व्हायव्हॅक्स जातीच्या परजीवीच्या हिवतापात क्लोरोक्वीनसोबत यकृतातील सुप्त अवस्थांसाठी प्रायमाक्वीन १४ दिवस देतात. ॲटोव्हॅक्वोन राष्ट्रीय कार्यक्रमात नाही.