मोरी तुंबण्याची लक्षणे

मोरी, बेसिन, ओट्यावरचे सिंक आणि संडास यांचे सांडपाणी वाहून नेणाऱ्या नळ्या पूर्ण बंद पडण्याआधी जी चिन्हे दिसतात, त्यांना मोरी तुंबण्याची लक्षणे म्हणतात. नळीत सॅनिटरी पॅड, फडके किंवा लहान मुलाचे खेळणे गेले, तर ती एका दिवसात बंद होते. एरवी थर हळूहळू साचत जातो आणि चिन्हे बरीच आधी दिसू लागतात. सफाईची वेळ झाली आहे का आणि अडथळा कुठे आहे, हे दोन्ही त्यांवरून कळते. यातले दुसरे कळणे जास्त मोलाचे आहे. बाहेरचे चेंबर भरलेले असताना न्हाणीघराच्या जाळीत तार घालत बसणे व्यर्थच.

न्हाणीघरात मुख्य दोष केसांचा आणि साबणाचा. बोअरच्या जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग होऊन पाण्यात न विरघळणारा पांढुरका, मेणचट साका तयार होतो. जाळी उचलून ट्रॅपमध्ये, म्हणजे निकासाखालच्या पाणी अडवून ठेवणाऱ्या बाकात, बोट फिरवले तर हाच साका लागलेला, दोरीसारखा वळलेला केसांचा बोळा हाताला येतो. स्वयंपाकघरातील थर तेलातुपाचा असतो. त्यात भाताची शिते, कणीक, चहाचा चोथा आणि खोबऱ्याचा चव अडकतो. खोबरेल तेल साधारण 24 अंश सेल्सियसच्या खाली गोठू लागते, त्यामुळे थंडीत नळ्या लवकर चोंदतात. दिवाळीत अभ्यंगस्नानाचे तेल आणि उटण्याचा भरडा एकाच मोरीत जातो, आणि थंडीही तेव्हाच सुरू होत असते. दिवाळीनंतर एकदा जाळी काढून पाहावी हे बरे.

पहिले लक्षण म्हणजे पाणी उतरण्याचा वेग मंदावणे. आंघोळ करताना पावलांभोवती पाणी साचते, भांडी घासताना सिंकच्या तळाशी तवंग रेंगाळतो. बदल थोडाथोडा होत असल्याने घरच्यांना तो अंगवळणी पडतो, पाहुण्यांच्या मात्र चटकन लक्षात येतो. खात्री करायची तर भरलेली बादली एकदम ओतावी. मोकळ्या मोरीत पाणी भोवरा करून झरझर उतरते, चोंदलेल्या मोरीत ते आधी वर चढते आणि मग सावकाश खाली जाते.

दुसरे लक्षण आवाजाचे. प्रत्येक निकासाखाली ट्रॅप असतो आणि त्यात साधारण 50 मिलिमीटर उंचीचे पाणी कायम उभे राहते. गटारातील वायू घरात येऊ न देणारा हा पाण्याचा पडदा. पुढची नळी अरुंद झाली की वाहते पाणी हवेला वाट देत नाही, आणि कोंडलेली हवा जवळच्या ट्रॅपमधून बुडबुडत बाहेर पडते. संडासाचा फ्लश ओढल्यावर न्हाणीघराच्या जाळीतून गुबगुब आवाज आला, तर अडथळा बहुधा दोघांच्या सामायिक नळीत असतो. नळ्यांतील हवा गच्चीवर सोडणारी हवेची नळी बंद झाली तरी असाच आवाज येतो, म्हणून गच्चीवरचे तिचे तोंडही पाहून घ्यावे.

जागा ओळखण्याचा मार्ग सोपा आहे. एकच निकास मंद असेल तर दोष त्याच्याच ट्रॅपमध्ये किंवा लगतच्या नळीत असतो. घरातील सगळेच निकास मंद असतील तर चेंबरचे झाकण उघडून पाहावे. चेंबर कोरडे आणि घरात पाणी साचलेले, तर अडथळा घर आणि चेंबर यांच्या दरम्यान. चेंबरच काठोकाठ भरलेले, तर तो चेंबरच्या पुढे. इमारतीत उभ्या नळीचा तळ चोंदला की वरच्या सर्व मजल्यांचे पाणी तळमजल्याच्या मोरीतून किंवा संडासातून वर येते. त्या रहिवाशाची तक्रार ही सबंध सोसायटीची तक्रार असते, आणि ती तशीच हाताळायला हवी.

दुर्गंधीचा अर्थ लावताना सर्वाधिक चूक होते. कुजक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो आणि तो साचलेल्या गाळातून येऊ शकतो. पण पाणी झपाट्याने उतरत असूनही वास येत असेल, तर बहुधा ट्रॅप सुकलेला असतो. उन्हाळ्याच्या सुटीत बंद राहिलेल्या घरात किंवा पाहुण्यांच्या न वापरलेल्या बाथरूममध्ये हे हमखास होते, आणि बादलीभर पाणी ओतणे हाच त्यावर उपाय. नळीला बाक देऊन पाणी अडवण्याच्या या युक्तीचे पेटंट अलेक्झांडर कमिंग यांनी 1775 मध्ये ब्रिटनमध्ये घेतले. ती किती मोलाची आहे हे 2003 मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत दिसले. तेथे सार्स या श्वसनाच्या संसर्गजन्य आजाराची बाधा 300 हून अधिक रहिवाशांना झाली आणि न्हाणीघरांतील सुकलेले ट्रॅप हे प्रसाराचे एक कारण असल्याचे तपासात आढळले.

मोरीच्या भिंतीवर बसणारी केसाळ पंखांची बारीक पाखरे हेही चिन्हच, कारण ती नळीच्या आतल्या बुळबुळीत थरात अंडी घालतात. थर खरवडून काढल्याखेरीज ती फवारणीने जात नाहीत. जुन्या वाड्यांतील खापरी नळांच्या सांध्यांत वड-पिंपळाची मुळे शिरतात. तिथे सफाईनंतर काही महिन्यांतच पुन्हा तुंबते आणि जवळची जमीन ओलसर राहते. फक्त पावसातच चेंबर उसळत असेल, तर गच्चीचे पाणी मैलावाहिनीला जोडले आहे का, हे तपासावे.

साधा बोळा हाताने, रबरी पंपाने किंवा स्प्रिंगने निघतो. कॉस्टिक सोडा अॅल्युमिनियमवर पडल्यास ज्वालाग्राही हायड्रोजन सुटतो. ब्लीचिंग पावडर आणि अॅसिड एकत्र आल्यास विषारी क्लोरीन तयार होतो. म्हणून एक रसायन टाकलेल्या नळीत दुसरे कधीही ओतू नये.

सेप्टिक टँक असलेल्या घरात तुंबण्याची लक्षणे दिसेपर्यंत थांबणे उशिराचे ठरते. टाकी साधारण 2-3 वर्षांनी उपसावी लागते, आणि ते काम सक्शन टँकरनेच करून घ्यावे. टाकीतील वायूने माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात वा सेप्टिक टाकीत उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. हा कायदा नगरपालिकेला जसा लागू आहे, तसाच घरमालकाला आणि सोसायटीलाही. पहिल्या गुन्ह्याला 2 वर्षांपर्यंत कैद, 2 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. अशा कामात होणाऱ्या मृत्यूंसाठीची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये 10 लाखांवरून 30 लाख रुपये केली.